सुटं टोक

घरून निघताना सामान कधीच सैल नसतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटेच्या अंधारात, मोबाईलचा टॉर्च दातांत धरून आवळलेली सॅडलबॅग इतकी पक्की वाटते की तिला धरून उचललं तर अख्खी गाडी वर येईल. वॉचमन दोनदा हलवून बघतो, मान डोलावतो, गेट उघडतो. आणि तासाभराने खेड शिवापूरच्या पुढे चहाला थांबावं, तर तीच बॅग एका अंगाला चार बोटं उतरलेली असते आणि पट्ट्याखाली अख्खा पंजा सहज जातो.

यात गाठीचा अपराध नसतो. बॅग बांधतो तेव्हा ती फुगलेली असते. स्वेटरच्या घड्यांत हवा असते, चादरीत हवा असते, टॉवेल आणि चिवड्याची पिशवी यांच्यामध्ये पोकळी असते. गाडी पहिल्या काही गतिरोधकांवरून गेली की ही सगळी मंडळी आपापली जागा शोधून खाली बसतात. बॅग बारीक होते, पट्टा मात्र होता तेवढाच राहतो. मागचे शॉकअप (गॅरेजमध्ये शॉकॲब्सॉर्बर कोणी म्हणत नाही) दबतात, सुटतात, पुन्हा दबतात, आणि प्रत्येक खड्ड्यात सामान क्षणभर सीटवरून उचललं जाऊन परत टेकतं. म्हणून जाणती माणसं घरच्या गाठीवर भरवसा ठेवत नाहीत. खरी गाठ पहिल्या चहाला. गाडी स्टँडवर लावली की हेल्मेट काढायच्या आधी त्यांचा हात मागे जातो, आणि चहावाल्याला ‘दोन’ सांगता सांगता पट्टा ओढून झालेला असतो.

मला गाडी चालवण्यापेक्षा ती बांधण्यात जास्त रस आहे असं माझे मित्र म्हणतात. त्यांचं फारसं चुकत नाही. ग्रुप निघायचा असला की बाकीचे हवा-पेट्रोल बघतात आणि दोऱ्या माझ्याकडे येतात. कुणाचा तंबू, कुणाची स्लीपिंग बॅग, कुणाच्या आईने ऐनवेळी दिलेला लाडवांचा डबा. डब्याला जागा नाही असं म्हणायची सोय नसते. मग लाडू डावीकडे गेले म्हणून पाना-पक्कड उजवीकडे, असा हिशेब सुरू होतो.

सॅडलबॅग म्हणजे मुळात दोन पिशव्या आणि त्यांच्यामधला पूल. खांद्यावरून टाकायची पडशी किंवा गाढवाच्या पाठीवरून टाकायची गोणी, त्याच घराण्यातली. फरक एवढाच की जनावराच्या बरगडीला तापलेली नळी नसते आणि फिरतं चाक नसतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत सायलेन्सर उजवीकडे, चेन डावीकडे, आणि दोन्ही पिशव्यांच्या मधोमध मागचं चाक. नायलॉनची बॅग सायलेन्सरला टेकली तर निदान वास येतो. तो नाकापर्यंत पोचेस्तोवर भोक पडलेलं असतं, पण माणूस शाबूत असतो. पट्ट्याचं टोक चाकात गेलं तर वासाइतकीही सूचना मिळत नाही. टोक आरीला गुंडाळलं जातं, बॅग आत ओढली जाते आणि चालतं चाक जागच्या जागी जाम होतं. त्यामुळे सॅडलबॅग पडेल का, ही भीती खरं तर दुय्यम आहे. पडली तर पडली, मागे जाऊन आणता येते. अर्धवट सुटलेली आणि अर्धवट अडकलेली बॅग जास्त वाईट.

इथे एका दुर्लक्षित वस्तूबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. साडी गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी आडोशाची सोय असावी असं सांगितलेलं आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपल्या रस्त्यांवर पदर आणि ओढण्या चाकात जाऊन काय होतं हे सांगायची गरज नाही. तर हीच सळ्यांची जाळी डाव्या पिशवीलाही चाकापासून दूर ठेवते. नवी गाडी घेतली की पोरं आधी ती काढून टाकतात, का तर गाडी म्हातारी दिसते. आणि मग लडाखचे वेध लागले की नाना पेठेत जाऊन सॅडल स्टे विकत घेतात. म्हणजे काय, तर बॅग चाकात जाऊ नये म्हणून लावायची वाकवलेली सळी! दुकानदार हसत नाहीत. त्यांचा धंदा त्यावर चालतो.

बॅग कुठे बसते याला ती कशी बांधली याच्याइतकंच महत्त्व आहे. जड वस्तू तळाला आणि होता होईल तो पुढे, चालवणाऱ्याच्या पायांच्या दिशेने. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे जितकं वजन जाईल तितकं पुढचं चाक हलकं होतं. घाटात, वळणावर, हँडल आपलं ऐकेनासं झाल्यासारखं वाटतं. त्यात बॅग सैल असली तर तिचा डोल गाडीच्या डोलात मिसळतो. वेग थोडा वाढला की हँडलमध्ये एक बारीक थरथर सुरू होते, आणि नवखा माणूस टायरला, बेअरिंगला, रस्त्याला, सगळ्यांना दोष देतो, मागे वळून बघत नाही. तपासायची रीत सोपी आहे: बॅग धरून गदागदा हलवायची. गाडी हलली पाहिजे. नुसती बॅग हलली तर पुन्हा पहिल्यापासून.

ही रीत मला शिकवली ती दूधवाल्या तात्यांनी. सांगलीकडच्या आमच्या गावात तात्यांची राजदूत होती, एस्कॉर्ट्सची. पोलंडच्या एसएचएल मोटरसायकलवर बेतलेली ती 175 सीसीची गाडी दूधवाल्यांनी इतकी आपलीशी केली होती की कॅनाशिवाय ती अर्धवट दिसायची. तात्यांनी मागे पाइपचा आडवा सांगाडा वेल्डिंग करून घेतला होता, दोन्ही टोकांना आकडे. 40 लिटरचे दोन कॅन. दूध पाण्यापेक्षा थोडं जडच, तेव्हा नुसतं दूधच 80 किलोंच्या वर, आणि त्यावर तात्या. कॅन आणि सांगाडा यांच्यामध्ये जुन्या टायरचा कापलेला तुकडा, म्हणजे पत्र्याला पत्रा घासायला नको. आणि या सगळ्यावरून ट्यूबची पट्टी. स्कूटरची फाटकी ट्यूब पंक्चरवाल्याकडून आणायची, कात्रीने गोल गोल कापत जायची, एकाच ट्यूबमधून लांबलचक पट्टी निघते. तात्या ती कॅनाच्या गळ्याभोवती ताणून फिरवत, आणि शेवटचा फेरा आधीच्या फेऱ्याखाली दाबून टाकत. गाठ नाहीच! रबर रबराला धरून राहायचं. सोडायचं तर टोक उपसायचं, संपलं.

मला कोडं पडलेलं असायचं ते रतिबाचं. तात्या एका गल्लीला डाव्या कॅनातून दूध घालत आणि पुढच्या गल्लीला उजव्यातून. गिऱ्हाइकं तक्रार करत, तिकडचं दाट इकडचं पातळ. दाट-पातळाचा प्रश्नच नव्हता, तात्या दोन्ही बाजू बरोबरीने रित्या करत होते. भरलेल्या कॅनात दूध फारसं हलत नाही. अर्ध्यावर आलं की ब्रेकला पुढे धावतं आणि वळणावर बाहेर. दोन्ही कॅन अर्धे असले तर ते एकमेकांना सांभाळून घेतात, एक भरलेला आणि एक अर्धा असला तर गाडी सतत कुणीतरी बाही ओढल्यासारखी एका अंगाला जाते. परत जाताना रिकाम्या कॅनांत सरकी पेंड असायची. पेंड नसली तर तात्या पट्टीचा आणखी एक वेढा घालत. रिकाम्याला जास्त कशाला, असं विचारलं तर म्हणाले, “भरल्यालं कॅन गप बसतंय. रिकामंच नाचतंय बघ.”

हे सॅडलबॅगलाही लागू आहे. निम्मी भरलेली बॅग पूर्ण भरलेल्या बॅगेपेक्षा लवकर सुटते. म्हणून बाजूचे पट्टे आवळून तिला आधी बारीक करायची आणि मगच बांधायची. लाडू संपल्यावर डबा तसाच रिकामा परत आणला, तर त्याच्या खडखडाटाने दिवसभर डोकं उठतं.

दोऱ्यांबद्दल माझी मतं ठाम आहेत. काथ्या आणि सुतळी घरगुती कामाला उत्तम, रस्त्यावर पावसात नाही. भिजली की ती फुगते, आखडते, गाठ दगड होते, आणि वाळली की पुन्हा सैल पडते. नायलॉनची गुळगुळीत दोरी बळकट खरी, पण गाठ धरत नाही, आणि भिजल्यावर थोडी लांबते. ताडपत्रीवाल्यांकडे मिळते ती स्वस्त प्लास्टिकची दोरी उन्हाने मरते. एक-दोन उन्हाळ्यांत तिचे तंतू हाताला टोचायला लागले की समजावं. पॉलिस्टरची विणलेली चपटी पट्टी आणि तिला दातांचं बक्कल, हे सगळ्यात भरवशाचं. पाण्याने फरक पडत नाही आणि बोटभर सैल झाली तर बोटभरच ओढता येते. ट्रकवाले वापरतात ते रॅचेटचे पट्टेही चांगले, पण त्यांच्यात ताकद इतकी की उत्साही माणूस कॅरिअर वाकवून ठेवतो.

आणि बंजी. रंगीबेरंगी इलॅस्टिकची दोरी, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे, सिग्नलला विकायलाही येते. माझं तिच्याशी जमत नाही. रेनकोट वरच्यावर दाबून ठेवायला ती ठीक आहे, पण वजन धरायला नाही, कारण ताणणं हाच तिचा धर्म आहे. प्रत्येक खड्ड्यात ती सामानाला थोडी मोकळीक देते, आणि सामान ती मोकळीक घेऊन कणाकणाने सरकतं. शिवाय ताणलेला आकडा निसटला तर तो सरळ बांधणाऱ्याच्या तोंडावर येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वैद्यकीय नियतकालिकांत या आकड्यांनी झालेल्या इजांवर लेख आहेत, बुबुळ फुटण्यापर्यंतच्या. ट्यूबची पट्टीही ताणतेच की, असं कुणी म्हणेल. ताणते, पण तिच्या टोकाला लोखंड नसतं.

बांधलेलं सुटतं का, यावर मोठ्या माणसांनीही डोकी लढवली आहेत. नटबोल्टचं रहस्य 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने उलगडलं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे घातक. दोन भाग एकमेकांवर आडवे सरकायला लागले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर हरवतं, आणि तेवढ्या क्षणात नट आपला आपण थोडासा फिरतो. एका सिलिंडरच्या बुलेटवर कॅरिअरचे बोल्ट का गळतात हे ज्याने ती चालवली आहे त्याला वेगळं सांगायला नको. आतून नायलॉनचं कडं असलेला नट वापरायचा, आणि स्टेच्या प्रत्येक बोल्टवर रंगाचा एक ठिपका द्यायचा, निम्मा नटावर, निम्मा पत्र्यावर. ठिपका तुटलेला दिसला की पाना काढायचा.

गाठीचं रहस्य त्याहून अलीकडचं. 2017 मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तिघा अभियंत्यांनी बुटाची नाडी का सुटते यावर शोधनिबंध लिहिला. त्यांनी ट्रेडमिलवर पळणाऱ्या पायाचं चित्रण अतिशय संथ करून बघितलं. पाय जमिनीवर आपटतो तो धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सातपट. त्याने गाठ ढिली होते. आणि त्याच वेळी नाडीची मोकळी टोकं पुढे-मागे झटके खात असतात, ती ढिल्या झालेल्या गाठीला जणू हाताने ओढतात. बराच वेळ काहीच होत नाही, आणि एकदा सरकायला लागली की दोन-चार पावलांत खेळ खलास. नुसता धक्का पुरत नाही, नुसते झटकेही पुरत नाहीत, दोन्ही लागतात.

मोटरसायकलवर दोन्हींची रेलचेल. धक्के खड्ड्यांचे, झटके वाऱ्याचे. ताशी साठच्या वेगात पट्ट्याचं वीतभर सुटं टोक कसं फडफडतं ते मागच्या गाडीवरून बघावं. चालवणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून तात्यांचा दाबलेला शेवटचा फेरा हे सगळं शास्त्र आहे असं मला वाटतं. टोक मोकळं ठेवायचं नाही. गुंडाळायचं, पट्ट्याखाली खोचायचं, वरून ट्यूबचं एक कडं चढवायचं. बॅगेच्या पावसाळी टोपीचंही तेच. ताम्हिणीत जुलैमध्ये रस्त्याकडेच्या झुडपांवर लटकलेल्या नारिंगी, पोपटी टोप्या बघितल्या की कळतं, त्यांच्या कडेचं इलॅस्टिक मालकांनी पुरेसं धरलं होतं आणि वाऱ्याला ते पुरलं नाही.

ताम्हिणीचा विषय निघाला म्हणून. पावसाळा सरला की पठारावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. पुरुष मेंढरांबरोबर पुढे गेलेले असतात आणि वाडा हलवायचं काम बायांचं. भांडी, वाघर, पांघरुणं, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, कधी त्यावर बसवलेलं लहान मूल, सगळं घोड्यांवर. एकदा रस्त्याकडेला चेन सैल झाली म्हणून थांबलो होतो, तिथे एक मावशी घोडं भरत होत्या. ओझ्याला गुडघा लावून त्यांनी दोर ओढला, आणि मग चक्क तो सोडून देऊन तंबाखू मळायला लागल्या. मी विचारलं, “मावशी, बांधून झालं?” त्या म्हणाल्या, “त्यानं पोट फुगीवलंय. सोडंल आत्ता.” घोडं बांधताना श्वास कोंडून धरतं, हे घोडं बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चिमूट होईस्तोवर त्यानं श्वास सोडला. मावशी उठल्या, पुन्हा गुडघा लावला, आणि दोर चांगला हातभर आत आला. आमची पहिल्या चहाची गाठ त्यांनी निघायच्या आधीच घातली होती. शेवटी दोराचा फास असा अडकवला की टोक त्यांच्या बाजूला, हाताशी राहिलं. वाट उताराची. जनावर घसरलंच तर एका ओढीत ओझं मोकळं करता आलं पाहिजे, असं मी समजलो. विचारायला वेळ नव्हता, त्यांची घोडी चालू लागली होती.

बांधणाऱ्याची खरी अडचण या टोकात आहे. दिवसभर सुटता कामा नये, आणि सोडायचं म्हटलं की ताबडतोब सुटलं पाहिजे. निरगाठ मारणं सोपं, तिला अक्कल लागत नाही. भीती वाटली की माणूस आणखी एक निरगाठ मारतो. सुरगाठ मारायला मात्र दोरी नीट ताणलेली लागते, फेरे योग्य जागी लागतात, कारण ओझं धरायचं काम फेऱ्यांनी करायचं असतं. गाठ फक्त फेऱ्यांना जागेवर ठेवते. ज्याचे फेरे कच्चे त्याला निरगाठी जास्त लागतात.

मनाली-लेह रस्त्यावर हे पुराव्यानिशी दिसतं. तांडीला, जिथे चंद्रा आणि भागा भेटतात, तिथल्या पेट्रोलपंपाची पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं या रस्त्याची खूण होती. तिच्यासमोर फोटो काढून माणसं कॅन भरत. बुलेटची टाकी 13-14 लिटरची, चढावर आणि विरळ हवेत ॲव्हरेज घसरणार, म्हणून जास्तीचा पाच लिटरचा कॅन. तो अर्थातच सायलेन्सरच्या बाजूला नाही, डावीकडे. पण खरी गंमत पुढे. गच्च बंद केलेला प्लास्टिकचा कॅन बारालाचा खिंडीकडे चढताना फुगत जातो, बाहेरच्या हवेचा दाब कमी होत जातो म्हणून. पट्टा आपोआप आवळला जातो. वर पोचल्यावर कुणीतरी घाबरून झाकण किलकिलं करतं, हवा फुस्स होऊन जाते, आणि पलीकडे उतरायला लागलं की तोच कॅन पोट आत घेतो आणि पट्टा सैल पडतो. उताराच्या वळणांवर कॅन निसटतात ते यामुळे. खिंडीत फोटो काढून झाल्यावर मी सगळ्यांच्या कॅनांवरून हात फिरवतो आणि शिव्या खातो, कारण त्या थंडीत कुणालाच थांबायचं नसतं.

मधे नाले आडवे येतात. सकाळी घोट्याएवढं पाणी, दुपारी वरचं बर्फ वितळलं की गुडघ्याला लागतं. सॅडलबॅगा तळापासून भिजतात, पट्टे भिजतात. मग संध्याकाळी सारचू. सव्वाचार हजार मीटरांच्या आसपासची उंची, वारा, धाप, आणि बोटं अशी की खिशातली किल्ली ओळखू येत नाही. हातमोजे काढवत नाहीत, घालून गाठ सुटत नाही. आमच्यातल्या एकाने तिहेरी निरगाठी मारल्या होत्या आणि त्यांच्यात शिरलेलं नाल्याचं पाणी गोठलं होतं. त्याने आधी दात लावले, मग स्क्रू ड्रायव्हर, मग सुरी काढली आणि चारही पट्टे कापून तंबूत जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी त्या वीतवीत राहिलेल्या तुकड्यांनी तांगलांग ला ओलांडायची होती, 5,328 मीटर. सकाळी सहाला मी आणि कॅम्पवरचा एक पोरगा त्याच्या बॅगा बांधत बसलो. पोऱ्याने खेचराचं ओझं बांधायचा दोर आणला, माझ्याकडच्या ट्यूबच्या पट्ट्या निघाल्या, आणि हे कडबोळं थेट लेहपर्यंत जागचं हललं नाही. सुरी चालवणारा मित्र मात्र अजून सांगतो की पट्टे निकृष्ट होते.

ट्रिप संपली की दोऱ्या धुऊन, वाळवून, एकेक वेटोळं करून कपाटात जातात. निदान तसं ठरलेलं असतं. प्रत्यक्षात घराला दोरीची फार भूक असते. बक्कलवाले दोन पट्टे गादी दुरुस्तीला नेताना गेले ते गादीबरोबर परत आले नाहीत. ट्यूबच्या पट्ट्या पाण्याच्या पाइपला गळतीवर गुंडाळल्या आहेत आणि प्लंबरने त्या बघून शेरा मारला आहे की याहून चांगलं काम तोही करू शकणार नाही. सगळ्यात चांगली, लांब पॉलिस्टरची दोरी गॅलरीत कपडे वाळत घालायला लागली आहे. ती बायकोने बांधली आहे, दोन्ही टोकांना निरगाठी मारून, आणि “सोडायची कशाला आहे?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. येत्या शनिवारी नाना पेठेत जाऊन दहा मीटर नवी घ्यावी म्हणतो, आणि दोन बक्कलं.